पाण्यात नेमकं कोण आहे?

२००९च्या जानेवारीत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज केपटाऊन सोडून दक्षिण महासागराकडे निघालं. जहाजावर जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या जोडीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. गोव्याचे वजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटाचेक हे मोहिमेचे प्रमुख. जहाजात टनावारी फेरस सल्फेट भरलेलं होतं आणि ते समुद्रात सोडायचं होतं. ‘लोहाफेक्स’ नावाच्या या प्रयोगाला पर्यावरण संघटनांनी इतका कडाडून विरोध केला की जहाज समुद्रात असतानाच जर्मन सरकारने काम रोखून फेरतपासणी करायला लावली. तपासणी झाली, परवानगी मिळाली आणि लोह पाण्यात पडलं.

प्रयोगामागचा विचार सरळ होता. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असतं, तुटवडा असतो तो लोहाचा. लोह पुरवलं तर सूक्ष्म शैवाल फोफावेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल, मरून तळाशी जाईल आणि जाताना कार्बनही शेकडो वर्षांसाठी खाली नेईल. सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या एका भोवऱ्यात लोह सोडल्यावर दोन आठवड्यांत शैवाल दुप्पट झालं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे घडलं.

पुढे मात्र हिशेब फिसकटला. वाढलेल्या शैवालात डायटम नावाचे जड कवचाचे, तळाशी जाणारे जीव जवळपास नव्हते. डायटमना कवच बांधायला सिलिका लागते, आणि त्या भागातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवून टाकली होती. त्यांच्या जागी वाढली ती बिनकवचाची, मऊ, चिमुकली शैवालं. कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी प्राण्यांनी ती भराभर खाल्ली, कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडनी खाल्लं, आणि कार्बन वरच्या थरातच या पोटातून त्या पोटात फिरत राहिला. तळाकडे फारच थोडा गेला.

या प्रयोगातून हवामानबदलावर उपाय निघाला नाही. पण त्याने दिलेला धडा मला त्या उपायाइतकाच मोलाचा वाटतो. पाण्यात शैवाल किती आहे, एवढं कळून भागत नाही. ते कोणतं आहे हे कळल्याशिवाय पुढे काय होणार, हे सांगताच येत नाही. कोकणच्या मच्छीमाराला जाळ्यात काय मिळणार, धरणाचं पाणी पिण्याजोगं राहणार का, मालवणची प्रवाळं तगणार का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शेवटी याच एका प्रश्नापाशी येतात.

चार खुणा

एका पेशीत सगळा संसार करणाऱ्या, सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवांना आपण सरसकट एकपेशीय शैवाल म्हणतो. ते एका कुळातले मात्र नाहीत. तळ्यातलं क्लॅमिडोमोनास हे हिरवं शैवाल आंब्याच्या झाडाला जितकं जवळचं आहे, तितकं ते शेजारीच तरंगणाऱ्या डायटमला नाही. युग्लीनाची सख्खी भावकी तर काळा आजार निर्माण करणाऱ्या परजीवींमध्ये सापडते. नाती इतकी लांबची असल्यामुळे प्रत्येक गटाची चालरीत निराळी आहे.

अभ्यासक त्यांना ओळखतात ते मुख्यतः चार खुणांवरून. पहिली खूण रंगद्रव्यांची. ‘अ’ प्रकारचं हरितद्रव्य जवळपास सगळ्यांत असतं, पण त्याच्या सोबतीला कोण आहे ते बदलतं. हिरव्या शैवालात ‘ब’ प्रकारचं हरितद्रव्य असतं. डायटममध्ये ‘क’ प्रकारचं हरितद्रव्य आणि तपकिरी-सोनेरी फ्युकोझँथिन असतं. दुसरी खूण साठवणीची: कुणी पिष्ट साठवतं, कुणी तेल, कुणी वेगळ्याच जातीची शर्करा. तिसरी भिंतीची: ती सेल्युलोजची आहे, सिलिकेची आहे, चुन्याची आहे की मुळातच नाही. चौथी खूण कशाभिकांची, म्हणजे पोहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चाबकासारख्या धाग्यांची: त्या किती आहेत आणि कुठून निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली या चार गोष्टी पाहिल्या की गट बहुधा हाती लागतो.

आकारावर मात्र विसंबून चालत नाही. महासागरातला प्रोक्लोरोकॉकस जेमतेम ०.६ मायक्रॉनचा, तर अरबी समुद्रातली नॉक्टिल्युका एक मिलिमीटरपर्यंत वाढते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या डबक्यांत दिसणारी कॉलर्पा ही हिरवीगार, पानाफांद्यांची वाटणारी वनस्पती आतून एकच अखंड पेशी असते, कारण तिच्यात आडव्या भिंतीच नसतात.

काचेच्या घरातले डायटम

समुद्रातल्या एकूण अन्ननिर्मितीचा सुमारे ४० टक्के वाटा डायटमचा मानला जातो. पृथ्वीवरच्या साऱ्या प्रकाशसंश्लेषणात तो जवळपास पाचवा हिस्सा होतो. हे जीव पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून पेशीभोवती काचेचं कवच घडवतात. त्यावरची भोकं, रेघा आणि नक्षी प्रत्येक जातीत ठरलेली असते. काही जाती चक्राकार, काही होडीच्या आकाराच्या, काही सुईसारख्या लांबट.

कवचाचे दोन भाग असतात. पितळी डब्याचं झाकण जसं डब्यापेक्षा किंचित मोठं असतं आणि त्यावर घट्ट बसतं, तसा एक भाग दुसऱ्यावर बसलेला असतो. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही पिल्लांच्या वाट्याला एकेक भाग येतो, आणि गंमत अशी की दोघंही वाट्याला आलेल्या भागाला झाकण मानून आत नवा, छोटा भाग बांधतात. ज्याला मूळचं झाकण मिळालं त्याचा आकार टिकतो. ज्याला मूळचा तळ मिळाला तो लहान होतो. त्यामुळे पिढ्यामागून पिढ्या डायटमची सरासरी लांबी घटत जाते. जॉन मॅकडोनाल्ड आणि अर्न्स्ट फिट्झर या दोघांनी १८६९ साली एकमेकांना न विचारता हा नियम मांडला. आकार ठरावीक मर्यादेखाली गेला की डायटम लैंगिक प्रजननाकडे वळतात. संयोगातून बनलेली पेशी कवचाबाहेर येऊन फुगते, पुरेशी मोठी झाली की नवं, पूर्ण मापाचं कवच घडवते, आणि घटीची मालिका पुन्हा सुरू होते.

काच जड असते, म्हणून शांत पाण्यात डायटम बुडतात. त्यांना ढवळलेलं पाणी लागतं, जे त्यांना वरही ठेवतं आणि खालची पोषकद्रव्यंही वर आणतं. मान्सूनच्या काळात भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत खोल, थंड, पोषक पाणी वर येतं आणि डायटमना सुगीचे दिवस येतात. मागोमाग तारली येते. १९५०च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी फ्रॅजिलेरिया ओशियानिका या डायटमचा बहर आणि तारलीचे थवे यांचा संबंध दाखवून दिला होता. आपल्याकडे ताटात पडणाऱ्या तारलीच्या कालवणाची सुरुवात अशी डोळ्यांना न दिसणाऱ्या काचेतून होते.

मेल्यावरही ही काच टिकते. तळाशी साचलेल्या कवचांची माती सच्छिद्र असते. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं, तेव्हा नायट्रोग्लिसरीन जिरवायला त्याने हीच माती वापरली होती. आफ्रिकेतल्या चाड देशात, आटलेल्या एका विशाल सरोवराच्या बोदेले नावाच्या खोलगट भागातून उडणाऱ्या धुळीत याच कवचांचा भरणा असतो, आणि ती धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत पोचते.

शवविच्छेदनगृहातही डायटम साक्ष देतात. माणूस जिवंतपणी बुडाला असेल तर अखेरच्या श्वासांबरोबर पाणी फुप्फुसात जातं, तिथल्या नाजूक पडद्यांतून डायटम रक्तात शिरतात आणि हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. ऊतक आम्लात विरघळवलं तरी काच शाबूत राहते. मज्जेत सापडलेल्या जाती आणि त्या विहिरीतल्या किंवा नदीतल्या जाती जुळल्या तर बुडण्याच्या जागेविषयीही अंदाज बांधता येतो. नमुना दूषित होण्याची शक्यता असल्याने एवढ्या एका पुराव्यावर निकाल देत नाहीत. पण हा पुरावा उभा राहतो तोच मुळी जात ओळखणाऱ्या माणसामुळे.

दोन चाबकांचे डायनोफ्लॅजेलेट

डायनोफ्लॅजेलेटना दोन कशाभिका असतात. एक पेशीच्या कमरेभोवतालच्या खोबणीत वळसा घालून बसते, दुसरी मागे सुटते. दोन्ही एकदम हलल्या की पेशी स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकते. अनेकांच्या अंगावर सेल्युलोजच्या तकटांचं चिलखत असतं. त्यांच्या केंद्रकातली गुणसूत्रं इतर सजीवांप्रमाणे विभाजनापुरती घट्ट न होता बहुधा कायम घट्ट गुंडाळलेली राहतात. यांतल्या जवळपास निम्म्या जाती प्रकाशसंश्लेषण करतच नाहीत, त्या इतरांना खातात. उरलेल्यांतल्याही कित्येक दोन्ही मार्गांनी पोट भरतात.

पोहता येत असल्यामुळे शांत, थरावलेल्या पाण्यात त्यांचं फावतं. दिवसा प्रकाशासाठी वर आणि रात्री पोषणासाठी खाली, अशी ये-जा ते करू शकतात. डायटमना ते जमत नाही. काही जाती विषही बनवतात. सॅक्सिटॉक्सिन हे त्यांतल्या सर्वांत घातक विषांपैकी एक. शिंपल्या पाणी गाळून खातात, विष त्यांच्या मांसात साचतं, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही, पण खाणाऱ्या माणसाचे ओठ बधिर होतात, स्नायू लुळे पडतात आणि विष जास्त असेल तर श्वास थांबतो. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. १९८३ साली मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतल्या शिंपल्या खाल्ल्याने अशी विषबाधा झाल्याची नोंद ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. तिसऱ्या आणि खुबे आवडीने खाणाऱ्या आपल्या किनाऱ्याला ती जागा काही परकी नाही.

याच गटातली सिम्बायोडिनियमच्या कुळातली शैवालं प्रवाळांच्या पेशींत राहतात. ती प्रवाळाला साखर पुरवतात आणि त्याच्याकडून आसरा व नायट्रोजन घेतात. पाणी तापलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या मालवण सागरी अभयारण्यातल्या प्रवाळांवरही अशा पांढरेपणाची नोंद झाली आहे.

अरबी समुद्रातला सत्तापालट

कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्यावर कधीकधी हिवाळ्यात रात्रीच्या लाटा निळ्या प्रकाशाने उजळतात. बघ्यांची गर्दी होते, मोबाइलवर छायाचित्रं फिरतात. हा उजेड बहुतेकदा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या डायनोफ्लॅजेलेटचा असतो. लाटेचा किंवा हाताचा धक्का बसला की तिच्या पेशीतल्या बारीक कणांमध्ये आम्लता वाढते, ल्युसिफेरेज नावाचं विकर जागं होतं आणि क्षणभर प्रकाश पडतो. या प्रकाशाने खाणारा प्राणी दचकतो, किंवा त्या प्राण्याचाच शत्रू तिकडे ओढला जातो, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

नॉक्टिल्युकाची दोन रूपं आहेत. लाल रूप फक्त खाऊन जगतं. हिरव्या रूपाच्या पोटात हजारो सूक्ष्म हिरवी शैवालं जिवंत पोहत असतात आणि मालकिणीला अन्न पुरवतात, शिवाय ती स्वतः डायटम गिळतच असते. उत्तर अरबी समुद्रात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हिवाळी बहर डायटमचा असे. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरवी नॉक्टिल्युका दिसू लागली आणि बघता बघता तिचे पट्टे ओमानच्या किनाऱ्यापासून भारताच्या बाजूपर्यंत पसरू लागले.

या बदलाचा मागोवा घेणाऱ्यांत जोआकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारिओ गोम्स हे अमेरिकेतल्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत काम करणारे, मूळ गोव्याचे शास्त्रज्ञ पुढे आहेत. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०१४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की वरच्या थरात येणाऱ्या ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यामुळे नॉक्टिल्युकाला मोकळं रान मिळतं. २०२०च्या त्यांच्या लेखात कारण आणखी उत्तरेला गेलं. हिमालय-तिबेटवरचा बर्फ कमी झाला की हिवाळ्यात समुद्राकडे वाहणारे वारे तितके थंड आणि कोरडे राहत नाहीत. पृष्ठभागाचं पाणी पुरेसं थंड होत नाही, ते खाली बसत नाही, आणि खालचं पोषक पाणी वर येत नाही. उपासमार डायटमची होते. प्रकाशावरही आणि शिकारीवरही जगू शकणारी नॉक्टिल्युका तगते.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेतल्या संशोधकांनी मात्र २०१८ साली, ईशान्य अरबी समुद्रात पाहिलेले बहर ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात होते, असं नोंदवलं. कारणांविषयीचा हा वाद खुला आहे आणि तो निकोप आहे, कारण दोन्ही बाजू जहाजावर जाऊन, पाणी काढून, पेशी पाहून बोलत आहेत.

परिणामांविषयी मात्र चित्र बरंचसं स्पष्ट आहे. डायटम खाणारे कोपेपॉड आणि ते खाणारे मासे, ही ओळखीची साखळी नॉक्टिल्युकापाशी अडते. आकाराने मोठी आणि अमोनियाने भरलेली ही पेशी खाणारे थोडेच. साल्प नावाच्या मऊ समुद्री प्राण्यांना आणि जेलीफिशना ती चालते, पण त्यांच्यापासून माणसाच्या ताटापर्यंत फारसं काही पोचत नाही. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही बहर ठळकच दिसतात. समुद्राचा रंग मोजणारे ओशनसॅट मालिकेतले आपले उपग्रह हरितद्रव्याचं प्रमाण उत्तम सांगतात, आणि त्याच्या व पाण्याच्या तापमानाच्या आधारे इन्कॉइस मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते. ही सेवा मोलाची आहे. पण रंगाच्या मागे तारली आहे की जेलीफिश, हे ठरवायला पेशीची ओळख लागते, आणि ती पक्की होते पाण्याच्या थेंबातच.

चुन्याच्या चकत्या

कॉकोलिथोफोर हे ५ ते १० मायक्रॉनचे जीव अंगावर चुन्याच्या नक्षीदार चकत्या रचतात. एमिलियानिया हक्सलेयी ही त्यांतली सर्वांत बोलबाला असलेली जात. तिचा बहर आला की शेकडो किलोमीटर समुद्र दुधाळ निळा होतो. गळालेल्या चकत्या तळाशी साचत जातात. इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉर जिवंत असताना, मुख्यतः अशाच चकत्यांचे बनले. निसर्गशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने १८६८ साली नॉर्विच शहरातल्या कामगारांसमोर खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिलं आणि त्या तुकड्यातून पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखवला. विज्ञान सामान्य माणसापर्यंत कसं न्यावं, याचा तो आजही वस्तुपाठ मानला जातो.

या गटाचा कार्बनहिशेब डायटमपेक्षा वेगळा आहे. प्रकाशसंश्लेषणात ते कार्बन डायऑक्साइड घेतात, पण चुना घडवण्याच्या रासायनिक क्रियेत तो पाण्यात सोडतातही. डायटमचा बहर आणि कॉकोलिथोफोरचा बहर हरितद्रव्याच्या मापाने सारखे दिसले, तरी हवेवर होणारा त्यांचा परिणाम सारखा नसतो.

हिरवे, आणि हिरवे भासणारे

शाळेच्या पुस्तकातलं क्लॅमिडोमोनास हिरव्या शैवालांचं उत्तम प्रतिनिधी आहे. पेल्याच्या आकाराचं एक हरितलवक, पुढे दोन सारख्या कशाभिका, साठवणीला पिष्ट आणि बाजूला एक नारिंगी ठिपका. या ठिपक्याच्या मदतीने ते उजेडाची दिशा ओळखतं. त्यासाठी त्याच्याकडे जे प्रथिन आहे त्यावर प्रकाश पडला की त्यातली वाट उघडते आणि विद्युतभारित कण आत शिरतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मन शास्त्रज्ञांनी हे प्रथिन ओळखलं. ते चेतापेशीत बसवलं तर ती पेशी प्रकाशाने चालू-बंद करता येते, हे कळल्यावर मेंदूच्या अभ्यासाची एक नवी शाखाच उभी राहिली. दृष्टी गेलेल्या एका माणसाच्या डोळ्यात, क्लॅमिडोमोनासच्याच दुसऱ्या जातीतून घडवलेलं असं प्रथिन बसवल्यावर, खास चष्म्याच्या मदतीने त्याला समोरच्या वस्तू ओळखता आल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. क्लोरेलानेही असंच मोठं काम केलं. मेल्विन कॅल्विन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून वनस्पती साखर कशी घडवतात याचा मार्ग शोधला तो क्लोरेलासारख्या शैवालांवर. १९६१चं रसायनशास्त्राचं नोबेल कॅल्विनला मिळालं.

डुनालिएला हे हिरव्यांतलंच, पण मिठागरांत ते लालसर होतं. त्याला भिंत नसते. बाहेरच्या तीव्र खारेपणाला तोंड द्यायला ते पेशीत ग्लिसरॉल साठवतं, आणि प्रखर उन्हापासून वाचायला बीटा कॅरोटीन. म्हणूनच २०२०च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा अनेकांचा पहिला संशय डुनालिएलावर गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि तो रंग मीठप्रिय आर्किया या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा असल्याचं निदान केलं. त्यांचा भार तळाशी बसला की पाणी निवळतं, हेही दिसलं. रंगावरून अंदाज बांधता येतो, खात्री करायला पेशीच पाहावी लागते.

युग्लीनाची कथा सर्वांत गुंतागुंतीची. तिला पेशीभित्तिका नसते. तिच्या जागी प्रथिनांच्या पट्ट्यांचं लवचिक आवरण असतं, त्यामुळे ती अंग आकसत, फुगवत सरकते. ती हिरवी आहे, पण पिष्ट साठवत नाही, पॅरामायलॉन नावाची वेगळी शर्करा साठवते. अंधारात ठेवली तर विरघळलेलं अन्न शोषून जगते. सांडपाणी मिसळलेल्या गावतळ्यात ती मुबलक सापडते, म्हणून ती दिसली की पाण्यात सेंद्रिय घाण वाढल्याचा संशय घ्यावा.

तळ्यावर येणारी हिरवट साय मात्र बऱ्याचदा यांच्यापैकी कुणाचीच नसते. ती मायक्रोसिस्टिसची असते. सायनोबॅक्टेरियांना, म्हणजे नील-हरित शैवालांना, केंद्रकच नसतं. ते मुळात जिवाणू आहेत. मायक्रोसिस्टिसच्या काही वाणांत यकृतावर घाला घालणारं मायक्रोसिस्टिन असतं आणि पाणी उकळून ते जात नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष गेलं आणि ५०हून अधिक रुग्ण दगावले. सांडपाण्यातला फॉस्फरस पोटात घेणाऱ्या आपल्या शहरी तलावांवर अशी साय दिसते, तेव्हा ती निरुपद्रवी हिरव्या शैवालाची आहे की मायक्रोसिस्टिसची, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शक हे काही मिनिटांत सांगतो.

सायनोबॅक्टेरियांनी जगाला दिलेलं देणं मात्र विषाहून अफाट मोठं आहे. हवेत ऑक्सिजन भरला तो त्यांनीच. आजही प्रोक्लोरोकॉकस हा जगातला संख्येने सर्वांत मोठा प्रकाशसंश्लेषक आहे. पेशी मोजणारं यंत्र जहाजावर नेईपर्यंत तो कुणाला ओळखताच आला नव्हता. सॅली चिशोल्म, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली तो जगापुढे आणला.

गिळलेल्यांचे वारस

इतके वेगवेगळे जीव एकाच पद्धतीने प्रकाश कसा पकडतात? अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने एक सायनोबॅक्टेरियम गिळला आणि तो पचवला नाही. तोच पुढे हरितलवक झाला. रशियन शास्त्रज्ञ मेरेझकोव्स्की यांनी १९०५ साली हे सुचवलं. १९६७ साली लिन मार्गुलिस यांनी ते नव्या पुराव्यांसह मांडलं आणि पुढच्या काही दशकांत ते सर्वमान्य झालं. त्या पहिल्या मीलनातून हिरवी आणि लाल शैवालं आली. त्यांच्या हरितलवकाभोवती दोन पडदे असतात. पुढे इतर पेशींनी या शैवालांनाच गिळलं. युग्लीनाच्या पूर्वजाने हिरवं शैवाल घेतलं, तिच्या हरितलवकाला तीन पडदे आहेत. डायटमचं हरितलवक लाल शैवालाकडून आलं, त्याला चार पडदे आहेत. पडदे मोजले की वारसा किती हातांतून गेला ते समजतं.

हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटातली शैवालं अजून स्वतंत्र आहेत, पण सहजीवन चालू आहे. २०२४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या एकपेशीय शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा एक सायनोबॅक्टेरियम आता पेशीचा अवयवच बनला असल्याचं दाखवलं. हवेतला नायट्रोजन स्वतः स्थिर करणारा असा अवयव केंद्रक असलेल्या पेशीत याआधी कधी आढळला नव्हता. खताविना पीक घेण्याचं स्वप्न पाहणाऱ्या शेतीशास्त्राचं लक्ष आता या जिवाकडे लागलं आहे.

ओळखणारी माणसं

हे ज्ञान आपल्याकडेही कष्टाने उभं राहिलं आहे. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी (१९२०–२००८) यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी आणि पन्हाळगडाच्या पाण्यातले डायटम गोळा करून त्यांचं वर्णन केलं. पन्हाळ्यावरचा त्यांचा लेख १९५९ साली ‘हायड्रोबायोलॉजिया’त आला. त्याच नियतकालिकात १९६३ साली एन. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शैवालांची सूची दिली. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी पुण्यात १९४६ साली ज्या संस्थेचा पाया घातला, तिथे आज डायटमचं स्वतंत्र काम चालतं. पश्चिम घाटातल्या एका नव्या डायटमला गांधींच्या स्मरणार्थ गोम्फोनेमा गांधीआय हे नाव मिळालं आहे, आणि घाटांतल्या नद्यांतून इंडिकोनेमा हा नवा वंश या संस्थेने २०२१ साली जाहीर केला. त्याच्या भावंडांना तळाच्या टोकाशीच बारीक छिद्रांचा पट्टा असतो, इंडिकोनेमाला तो दोन्ही टोकांशी आहे. एवढा फरक दिसायला आधी भावंडं तोंडपाठ असावी लागतात.

अशी नजर एका वर्षात तयार होत नाही. ती गुरूकडून शिष्याकडे, काचपट्टीवर बोट ठेवून जाते. आज जनुकक्रमावरून पाण्यातल्या जाती ओळखता येतात आणि ही पद्धत फार उपयोगी आहे. पण तुलनेसाठी लागणारा प्रत्येक जनुकक्रम कुणीतरी आधी पेशी पाहून, नाव निश्चित करून नोंदवलेला असावा लागतो. वर्गीकरण जुनं झालं, असं म्हणून महाविद्यालयांनी ते अभ्यासक्रमाच्या कडेला सारलं तर यंत्र उत्तर देईल, पण त्या उत्तराला नाव देणारा कुणी उरणार नाही.

म्हणून एक आग्रहाची मागणी करतो. किनाऱ्यावरच्या आणि धरणांजवळच्या विज्ञान महाविद्यालयांनी दर महिन्याला ठरलेल्या जागी पाणी गाळावं. त्यासाठी लागतं ते थोडंच: २० मायक्रॉन छिद्रांची जाळी, नमुना टिकवायला ल्युगॉलचं आयोडीन, ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक आणि एक जाणता शिक्षक. आयोडीन पिष्टाला निळं-काळं रंगवतं, म्हणजे ओळखीची पहिली पायरी नमुना टिकवतानाच सापडते. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी, कोल्हापूर, सोलापूर इथल्या अशा दहा वर्षांच्या नोंदी हाती आल्या तर उपग्रहाच्या चित्राला अर्थ मिळेल, शिंपल्या कधी खाऊ नयेत हे वेळेवर सांगता येईल, आणि नळाला येणाऱ्या पाण्यावरची साय पाहून नगरपालिकेला अंदाजावर निर्णय घ्यावा लागणार नाही. समुद्र बदलतो आहे, तळी बदलताहेत. हा बदल प्रथम नोंदवणारे जीव एका पेशीचे आहेत, आणि त्यांना नावानिशी ओळखणारी पिढी घडवणं आपल्याला परवडणारं आहे. ती न घडवणं परवडणार नाही.